फुरसत : जांबोटी परिसराच्या गावजीवनातील एक धडा



"आपल्या गावाचा अभ्यास करून या," असे सांगितले म्हणजे तुम्ही वहीत काय लिहून आणता, हे आम्हांस आता अनुभवाने ठाऊक झाले आहे. पहिल्या पानावर नकाशा, दुसऱ्यावर पिके, तिसऱ्यावर देवळे, चौथ्यावर गावातील व्यवसाय. वह्या नीटनेटक्या असतात, अक्षरही वळणदार असते. परंतु गावातील माणसे काम संपल्यावर काय करतात, याविषयी एकाही वहीत कधी एक ओळ आढळली नाही. जणू शेतावरून किंवा कारखान्यातून परतलेला मनुष्य उंबरठ्यापाशी नाहीसा होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा प्रकट होतो!

वस्तुतः माणूस कसा जगतो हे समजण्यास त्याचे काम जितके पाहावे लागते, तितकीच त्याची फुरसतही पाहावी लागते. कामात मनुष्य पुष्कळदा दुसऱ्याच्या इच्छेने वागतो. मोकळ्या वेळात तो काय करतो यावरून त्याची स्वतःची आवड, त्याचे मैत्र आणि त्याचा गाव कळून येतो. म्हणून या लेखात आम्ही जांबोटी आणि तिच्या आसपासच्या खेड्यांतील फुरसतीचा विचार मांडणार आहोत.

शब्दांची ओळख

प्रथम शब्दांकडे वळू. आपल्या भागात तीन भाषा नांदतात आणि तिन्हींत या गोष्टीला निरनिराळे शब्द आहेत. 'फुरसत' हा मूळचा अरबी शब्द. तो फारसीच्या वाटेने मराठीत आला. अरबीत त्याचा अर्थ 'संधी' असा आहे. कानडीत 'बिडुवु' म्हणतात. 'बिडु' म्हणजे सोडणे, त्यावरून हा शब्द झाला. हातातले काम सोडले की बिडुवु. आमची मातृभाषा कोंकणी. आमच्या घरी आई कामात असली की "म्हाका सवड ना" एवढेच म्हणे आणि आम्ही समजून घेत असू. हा 'सवड' शब्द मराठीतही आहे; "सवडीने करा" असे आपण म्हणतो, तेव्हा घाई नको हा भाव त्यात असतो.

संधी, सुटका आणि घाई नसणे, या तीनही छटा एकत्र केल्या म्हणजे फुरसतीचा पुरा अर्थ ध्यानात येतो. नुसता रिकामा वेळ म्हणजे फुरसत नव्हे. बस चुकली म्हणून थांब्यावर तासभर ताटकळणारा मनुष्य रिकामा असतो, पण त्याला फुरसत आहे असे कोणी म्हणणार नाही. हा भेद पुढे उपयोगी पडेल. तो लक्षात ठेवावा.

गाव आणि त्याच्या दोन वाटा

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याने निघाले की उद्यमबागेतील कारखाने लागतात. पुढे पिरनवाडीपाशी जांबोटीची वाट फुटते. नावगे, किणये मागे टाकून कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडली की लवकरच आपण जांबोटीस पोहोचतो. शहरापासून सारे अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. तोच रस्ता पुढे कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्यातील सत्तरी तालुक्यात उतरतो. तालुक्याचे ठिकाण खानापूर. तिकडे जाणारा रस्ता वेगळा.

भूगोलाच्या तासाला आपण पाहिलेच आहे की मलप्रभा कणकुंबीस उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमाजवळ कृष्णेस मिळते. याच तालुक्यातील रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे वळते आणि मांडवी होऊन अरबी समुद्रास जाते. म्हणजे शेजारशेजारच्या दोन डोंगरांवर पडलेल्या पावसाचे पाणी दोन निरनिराळ्या समुद्रांत जाते. आमच्या गावाचेही काहीसे असेच आहे. सकाळच्या बसने निम्मी तरुण मंडळी शहराकडे जाते आणि उरलेली शेताकडे व रानाकडे. दोन्ही संध्याकाळी परतात ती एकाच गल्लीत. परंतु त्यांच्या फुरसतीचे माप आता एक राहिलेले नाही. आणि आमच्या या लेखाचा खरा विषय तोच आहे.

पंचांगाची फुरसत

शेतकऱ्याची फुरसत तासांनी मोजत नसत, महिन्यांनी मोजत. ही भातशेतीची आणि पावसाची भूमी. कणकुंबीकडे बेळगावच्या दुपटीहून अधिक पाऊस कोसळतो आणि जांबोटी त्याच वाटेवर आहे. जून-जुलैत चिखलणी आणि रोप लावण चालू असता घरात उसंत कोणालाच नसे. इरली आणि घोंगड्या पांघरलेली माणसे दिवस उजाडल्यापासून चिखलात उभी असत. आज घोंगडीच्या जागी प्लास्टिकचा कागद आला आहे, पण चिखल तोच आहे.

लावणी आटोपली की श्रावण येई आणि त्याबरोबर वर्षातील पहिली सवड. नागपंचमीस झोके बांधले जात. गौरी-गणपतीपर्यंत दारोदारी फुगड्या आणि झिम्मे रंगत. आमच्या कोंकणी घरांत चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात. फळे, फुले, रानातील घोस यांची ती एक छतावजा चौकट असते. तिच्यासाठी रानात हिंडून फळे गोळा करण्याचे काम मुलांकडे असे. हे काम की खेळ, असे कोणी त्या वेळी विचारले असते तर आम्हांस उत्तर देता आले नसते.

पुढे भात पिकू लागले की राखण आली. रानडुकरे आणि गवे यांपासून पीक वाचविण्यासाठी शेतात माळा बांधून रात्री जागावे लागे. कापणीनंतर खळ्यावरची जागल. आता ही दोन्ही कामेच खरी, आणि कष्टाचीही; तथापि गावातील निम्म्या गोष्टी, उखाणे, भुतांच्या कथा आणि नात्यागोत्यांचा सारा इतिहास याच जागलीत एका पिढीकडून दुसरीकडे गेला. शेकोटीभोवती बसलेल्या पोरास आजोबा जे सांगत, ते त्यास दुसऱ्या कोणत्याही शाळेत मिळाले नसते.

मळणी संपून भात कणगीत पडले म्हणजे मोठी फुरसत सुरू होई. मोकळ्या शेतांत विटीदांडू, लगोरी, हुतूतू आणि आट्यापाट्या. आता तेथे क्रिकेट आले आहे. भाताची खुंटे तुडवून सपाट केलेल्या पट्टीवर टेनिसच्या चेंडूचे सामने मे अखेरपर्यंत चालतात. देवळात भजने, ज्ञानेश्वरीचे पारायण, मग शिमगा, लग्नसराई, जत्रा आणि जत्रेचे नाटक. पाऊस पुन्हा दारात उभा राहीतो हा क्रम चाले.

एकदा आम्ही शेजारच्या एका वृद्ध आजींना विचारले, "आजी, तुमच्या काळी फुरसत असायची का हो?" आजी शेंगा फोडीत बसल्या होत्या. हात न थांबविता म्हणाल्या, "मास्तर, नुसतं बसाय येळ कुठला? हात चालायचं आणि तोंडबी चालायचं. जात्यावर बसलं की गाणं आपसूक याचं." त्या उत्तरात मोठे सत्य आहे. जुन्या गावात काम आणि विरंगुळा यांच्यामध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती. जात्यावरची ओवी हे दोन्ही होते. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या पाठीचे दुखणे गेले, ही चांगलीच गोष्ट झाली; जाते परत आणावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु जात्याबरोबर ओवीची जागाही गेली, आणि तिला दुसरी जागा आपण करून दिली नाही, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

घड्याळाची फुरसत

शहराने आपणांस दुसऱ्या प्रकारची फुरसत दिली. ती पंचांगाची नव्हे, घड्याळाची. ती कमी मोलाची आहे असे समजू नका. तिच्यासाठी माणसे झगडली आहेत. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगारांस आठवड्याची नियमित सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची संघटना करून ही मागणी लावून धरली आणि १८९० साली गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली. आज तुम्ही ज्या रविवारी उशिरापर्यंत झोपता, त्यामागे हा इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. त्याच वर्षी, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या २४ व्या कलमात विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येक मनुष्याचा हक्क मानलेला आहे. फुरसत ही आळशाची चैन नसून मनुष्याचा हक्क आहे, हे जगाने लेखी मान्य केले, ही लहान गोष्ट नव्हे.

आमच्या परिसरातील पुष्कळ तरुण उद्यमबागेच्या बाजूस कारखान्यांत, ओतशाळांत आणि शहरातील दुकानांत काम करतात. नियमित पगारामुळे घरे पक्की झाली, बहिणींची शिक्षणे झाली, आजारपणात सावकाराचे दार ठोठावण्याची पाळी कमी आली. हे सारे आम्ही आनंदाने नोंदवितो. तथापि या वेळेचा हिशेब मांडून पाहा. कारखान्यातील तास ठरलेले असतात. जाण्यायेण्याचे तास त्यांत कोणी धरत नाही. पावसाळ्यात बस उशिरा येते, कधी येतच नाही. कोणाची पाळी सकाळची, कोणाची दुपारची, कोणाची रात्रीची. एक भाऊ घरी येतो तेव्हा दुसरा निघालेला असतो. घड्याळाने प्रत्येकाला वेगवेगळी फुरसत दिली. पण सर्वांना एकाच वेळी मिळणारी फुरसत मात्र काढून घेतली.

येथे या धड्यातील मुख्य मुद्दा येतो. भजनाला टाळकरी लागतात, हुतूतूला दोन संघ लागतात, फुगडीला निदान दोन मुली लागतात. गावाची बहुतेक करमणूक एकट्याने करण्याजोगी नाहीच. ज्याला एकट्यालाच फुरसत आहे, त्याच्या हाती अखेरीस काय उरते? भ्रमणध्वनीचा लहानसा पडदा. तरुण मुले मोबाईलमध्ये डोके घालून बसतात म्हणून वडीलधारी माणसे रागावतात. आम्हीही रागावलो आहोत. परंतु विचार करता असे दिसते की पुष्कळ वेळा मोबाईल हे कारण नसून परिणाम असतो. जोडीदार कामावर गेला आहे, मैदान ओले आहे, वाचनालय नाही. मग त्या मुलाने करावे तरी काय?

नाटकाची गोष्ट

हा मुद्दा नुसता विचाराने नव्हे, प्रत्यक्ष पाहून आमच्या ध्यानात आला. आमच्या परिसरातील एका गावी जत्रेला नाटक बसविण्याची जुनी प्रथा आहे. आपल्या चहूकडे नाट्यकलेची समृद्धी आहे. पूर्वेकडे बेळगाव-बागलकोट भागात कानडी 'श्रीकृष्ण पारिजात' खेळतात, घाटाखाली कोंकणात दशावतार, सत्तरीत रणमाले. आमच्या गावांनी त्यांच्या बरोबरीने मराठी नाटकाचा नाद धरला. पडदे आणि पोशाख शहरातून भाड्याने आणावयाचे, पेटीवाला शेजारच्या गावचा, स्त्री-भूमिकेसाठी बहुधा बाहेरची कलावंत बोलवावयाची, आणि बाकी सारी पात्रे गावचीच. रोज ज्याला औत हाकताना पाहावे, तोच जत्रेच्या रात्री भरजरी अंगरखा घालून दरबारात उभा! प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या आईचे मुख पाहण्याजोगे असे.

काही वर्षांपूर्वी त्या गावच्या मंडळींनी आम्हांस तालमी घेण्यास बोलाविले. नायकाची भूमिका करणारा तरुण दुपारच्या पाळीस जाई. तो रात्री उशिरा परते. खलनायकाची पहाटेची पाळी. त्याला लवकर निजणे भाग. दोघांचा एकत्र प्रवेश नाटकाच्या शेवटी होता, आणि तो प्रवेश आम्ही महिनाभरात दोनदाच बसवू शकलो. नायक जेवणाचा डबा न धुता तसाच देवळात येऊन उभा राही आणि डोळे मिटत असता संवाद म्हणे. शेवटी मंडळी थकली. त्या वर्षी नाटक झाले नाही. वर्गणीच्या पैशांतून शहरातून वाद्यवृंद आणला. गाणी चांगली झाली, गर्दीही मोठी जमली. परंतु दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात बोलण्यासारखे काही उरले नव्हते. आदल्या वर्षी विंगेत उभा राहून संवाद सांगणाऱ्याची चिमणी विझली तेव्हा नायकाने काय भलतेच म्हटले, याची चर्चा मात्र लोक अजूनही करीत होते!

पाहिलेली करमणूक आणि केलेली करमणूक यांतला फरक आम्हांस तेथे कळला. विकत आणलेला कार्यक्रम एका रात्रीत संपतो. स्वतः बसविलेले नाटक दोन महिने आधी सुरू होते आणि वर्षभर पुरते. त्यात चुकीलाही किंमत असते.

पुढील वर्षी मंडळींनी युक्ती काढली. तालमी रोज रात्री न घेता रविवारी दुपारी शाळेच्या पडवीत घ्यावयाच्या, असे ठरले. नाटकही लहान निवडले. पाच अंकी दरबारी नाटकाऐवजी दोन अंकी सामाजिक. रविवारची दुपार असल्याने गावातील दोन मुलींनाही त्यांच्या वडिलांनी काम करण्यास परवानगी दिली. रात्रीच्या तालमीस ती कदापि मिळाली नसती. नाटक फार उत्तम झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण झाले. ज्या रविवारसाठी लोखंड्यांनी मुंबईत खटपट केली, तो रविवार आमच्या देवळापर्यंत पोहोचण्यास इतकी वर्षे लागली!

फुरसत कोणाची?

त्या दोन मुलींमुळे आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. नवव्या इयत्तेतील विद्यार्थ्यांस आम्ही एक स्वाध्याय दिला. एका पूर्ण दिवसाची नोंद ठेवावयाची. वहीवर तीन रकाने आखावयाचे : काम, अभ्यास आणि फुरसत. मुलांच्या फुरसतीच्या रकान्यात क्रिकेट, मोबाईल, नदीवर पोहणे, कट्ट्यावर बसणे असे पुष्कळ काही होते. मुलींच्या वह्यांत पाणी भरणे, भांडी, केर, धाकट्या भावाला सांभाळणे, भाकऱ्या. हे सारे कामाच्या रकान्यात, आणि तिसरा रकाना अगदी अरुंद. एका मुलीने त्यात एकच शब्द लिहिला होता : "बसमध्ये."

आम्ही तिला जवळ बोलावून विचारले, "बसमध्ये म्हणजे काय ग?"

ती म्हणाली, "सर, बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली की मला कोणी काही काम सांगत नाही."

मित्रहो, या उत्तरानंतर आम्हांस त्या दिवशी पुढे शिकविणे जमले नाही.

ही एका घराची गोष्ट नव्हे. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांत दिवसाची सरासरी २८९ मिनिटे घालवितात, असे तीत दिसून आले. जे पुरुष अशी कामे करतात, ते ८८ मिनिटे. म्हणजे स्त्रियांची पावणेपाच तासांहून अधिक आणि पुरुषांची दीड तासाच्या आत. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली. पण पुरुषांनी ती उचलली नाहीत, उलट त्यांचीही नऊ मिनिटे कमी झाली! रविवारची सुटी कारखान्याला असते. चुलीला ती अजून मिळालेली नाही.

तथापि एक आशेची गोष्टही सांगितली पाहिजे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेखाली स्त्रियांना राज्याच्या साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. या योजनेविषयी मते निरनिराळी आहेत आणि गर्दीमुळे विद्यार्थ्यांची गैरसोय होते, हेही आम्ही पाहतो. पण ज्या मावश्या-काकू माहेरी जाण्यास किंवा बाजारास जाण्यास घरातून पैसे मागावयास संकोचत, त्या आता दोघीतिघी मिळून निघतात. हब्बनहट्टीस मलप्रभेच्या काठी मारुतीचे दर्शन घेतात, खानापुरास बहिणीला भेटून येतात. त्यांच्या बोलण्यात आता "आम्ही गेलो होतो" हे शब्द पूर्वीपेक्षा वारंवार येऊ लागले आहेत. फुरसत ही कधी कधी तिकिटाच्या पैशांपाशी अडलेली असते, हे त्यावरून ध्यानात येते.

शहराची फुरसत आमच्या दारी

आता चित्राची दुसरी बाजू. आम्ही शहराकडे कामास जातो, तसे शहर आमच्याकडे फुरसतीस येते. पावसाळ्यातील रविवारी या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. कोणी चोर्ला घाटातील धुके पाहण्यास निघालेले असते, कोणी धबधबे. चहा-भजी विकणाऱ्यांना त्यातून चार पैसे मिळतात. निसर्ग पाहून आनंद घ्यावा ही इच्छा योग्यच आहे. भीमगडच्या रानाला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो या निसर्गाचे मोल ओळखूनच.

परंतु एक विसंगती पाहा. शहरातील मनुष्याची पावसाळी सहल आणि आमच्या गावची रोप लावण एकाच आठवड्यात येतात. रस्त्याच्या कडेला मोटार थांबवून कोणी हिरव्या शेताचे छायाचित्र घेतो. त्या छायाचित्रात वाकलेल्या बाईला मात्र मान वर करण्यास सवड नसते. एका वर्षी आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पायात फुटलेल्या बाटलीची काच शिरली. ती बाटली रस्त्यावरून कोणीतरी भिरकावली होती. ऐन लावणीत तो पंधरा दिवस घरी बसला. त्याला रिकामा वेळ पुष्कळ मिळाला. फुरसत मात्र नव्हे. आरंभी सांगितलेला भेद तुम्हांस आता स्पष्ट झाला असेल. आपण स्वतः सहलीस जाऊ तेव्हा, ज्या गावी आपण आनंदास जातो तेथे कोणाचा तरी कामाचा दिवस चालू आहे, एवढे स्मरण ठेवावे.

आपण काय करावे?

जुने दिवस परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. त्या दिवसांत जागल होती तशी उपासमारही होती, ओवी होती तशी पहाटेची दळणे होती. प्रश्न एवढाच की नव्या वेळापत्रकात गावाने आपली सामाईक फुरसत कोठे आणि कशी राखावी. नाटकमंडळींनी उत्तराचा आरंभ करून दिला आहे : आहे त्या रविवारचा नीट उपयोग करा. त्यात आम्ही थोडी भर घालतो.

पहिली गोष्ट वाचनालयाची. बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालयाची परंपरा आहे आणि १९१९ पासून तेथून 'तरुण भारत' निघतो. शहराकडून आपण नळ, पगार आणि चित्रपट घेतले. वाचनालयाची ही चाल मात्र घ्यावयाची राहिली. एक खोली, एक कपाट, दोन वर्तमानपत्रे आणि संध्याकाळी दार उघडणारा एक मनुष्य, एवढे असले तरी आरंभ होतो. दुसरी गोष्ट नोंदीची. ओव्या, उखाणे, जागलीच्या कथा ज्यांच्या मुखी आहेत ती माणसे आता थोडी उरली आहेत. तुमच्या हातातील मोबाईलवर आवाज साठविता येतो. आजीसमोर तो ठेवा आणि "सांग ना, आजी" म्हणा. जे यंत्र तुम्हांस एकटे पाडते असे आम्ही म्हणतो, तेच तुम्हांस आजीजवळ बसवील. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत कठीण : घरातील भांड्यांचा अर्धा ढीग भावांनी उचलावा. वेळ कोठून आणावा, असे बहिणीच्या फुगडीविषयी कोणी विचारील, तर तो वेळ तेथून येईल.

जाता जाता एका शब्दाची गंमत सांगतो. इंग्रजीत शाळेला 'स्कूल' म्हणतात. तो शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्या 'स्खोले'चा मूळ अर्थ आहे फुरसत! पोटापाण्याच्या धावपळीतून मोकळा झालेला मनुष्य विचार करू शकतो, बोलू शकतो, शिकू शकतो. म्हणून त्या वेळालाच पुढे शाळा हे नाव पडले. घंटेच्या आणि गृहपाठाच्या जगात तुम्हांस हे खरे वाटणार नाही. आम्हांसही पुष्कळदा वाटत नाही. परंतु ज्या मुलीला बसच्या खिडकीतच सवड सापडली, तिला ती शाळेतही मिळावी आणि घरीही मिळावी, एवढे जरी आपण साधू शकलो तरी या धड्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

स्वाध्याय

१. घरातील प्रत्येक व्यक्तीच्या एका दिवसाची नोंद तीन रकान्यांत करा. सर्वांत अरुंद रकाना कोणाचा, ते पाहा आणि त्या व्यक्तीस ती वही वाचून दाखवा.

२. तुमच्या गावात सर्वांना एकाच वेळी मोकळा मिळणारा आठवड्यातील काळ कोणता? तो ठरविण्यासाठी निदान दहा घरी विचारपूस करा.

३. आजी-आजोबांकडून एक ओवी, एक उखाणा आणि जागलीची एक कथा मिळवा. सांगणाऱ्याची बोली जशीच्या तशी उतरवून घ्या. ती 'शुद्ध' करू नका.

४. 'काम', 'रिकामा वेळ' आणि 'फुरसत' यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील उदाहरणे देऊन पंधरा ओळींत स्पष्ट करा.